गोटीरामची बिनक्लचची गाडी

गोटीराम माझा साडू. माझ्या बायकोच्या, लताच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्याबद्दल अर्धं सातपूर चांगलं बोलतं, म्हणून मी आधीच सांगून टाकतो की मला तो बघवत नाही. माणूस चांगला आहे, हे मलाही कळतं. दुखणं तेच आहे.

आमचा दोघांचा धंदा एकच. लग्नाच्या लॉन्सवर, सभेला, कुठल्या कंपनीत लाइट गेली तर तिथे, जनरेटर भाड्याने द्यायचा. जनरेटर लोखंडी ट्रॉलीवर पक्का बसवलेला असतो आणि ती ट्रॉली डिझेल पिकअपच्या मागे हुकाला अडकवून न्यायची. पुढे ओढत न्यायला काही अक्कल लागत नाही. ती लागते मागे घेताना. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे पळते. लॉन्सच्या मागच्या बोळात एका अंगाला आचाऱ्याच्या शेगड्या, दुसऱ्या अंगाला भिंत, आणि मधून ती इंच इंच सरकवायची. सातपूरमध्ये हे काम माझ्याइतकं साफ कोणाचंच नव्हतं. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. आता लोक गोटीरामचं नाव घेतात.

त्याला शिकवलं कोणी? मी. लग्न झालं तेव्हा तो नांदगावच्या बाजारात पोती उचलायचा. आमचे सासरे पुंजाबाबा तिकडच्याच एका खेड्यातले. त्यांनी मला फोन केला, "नवनाथराव, धाकल्या जावयाला नाशकात कुठंतरी चिकटवा." मी चिकटवलं. सात महिने तो आणि मेहुणी आमच्या दोन खोल्यांत राहिले. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर मी त्याला ट्रॉली मागे घ्यायला लावायचो. पहिल्या खेपेला त्याने ती कुंपणात घातली. मला बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला परत घातली, तेव्हाही बरं वाटलं. पाचव्या खेपेला त्याने दोन ड्रमांच्या मधून ट्रॉली एका दमात सरळ आत घेतली, खाली उतरला आणि माझ्या पाया पडला. त्या दिवसापासून माझं पोट जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

वर्षभरात त्याने स्वतःची जुनी पिकअप आणि जुना जनरेटर घेतला. मग बघायलाच नको. माझ्या जनरेटरवर धूळ असते, हा आपला सकाळी उठून ट्रॉली पुसणार. लग्न असलं की ट्रॉलीला आंब्याची पानं बांधणार. अरे, नवरी काय जनरेटर बघायला येते का? पण नवरीच्या बापाला ते आवडतं. लग्नात मी ट्रॉलीपाशी खुर्ची टाकून बसतो, तर हा मांडवात म्हाताऱ्यांना पाणी देत फिरतो, कोणाची चप्पल शोधून देतो, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसतो. माझी दोन गिऱ्हाइकं तिकडे गेली. "तसं नाही नवनाथभाऊ, पण मुलीने गोटूमामांनाच बोलवा म्हणून हट्ट धरला," म्हणाले. गोटूमामा! मला आजवर कोणाच्या मुलीने मामा म्हटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची जुनी पिकअप थकली आणि तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. दोन गाड्या त्याच्या डोक्यात होत्या. एक साधी, गिअर-क्लचवाली मॅन्युअल. दुसरी ऑटोमॅटिक. गंगापूर रोडच्या कोणा बागायतदाराने हौसेने घेतलेली, फारशी न चाललेली, मोठी, चकचकीत, क्लचच नसलेली.

"भाऊ, मला काय समजतं त्यातलं," तो म्हणाला. "तुमी सांगाल ती घेतो."

मला त्यातलं समजत होतं. निदान तेव्हा वाटत होतं. एका गॅरेजवाल्याने मला सांगितलं होतं की मागे वजन लावून घाट चढवला की ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल उकळतं, गिअरबॉक्स बसतो, आणि तो दुरुस्त करायला महिना महिना पार्टची वाट बघावी लागते. म्हणजे ऐन लग्नसराईत गाडी उभी. मी पेढा तोंडात टाकला, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "ऑटोमॅटिक घे. डोळे झाकून घे."

तो गेल्यावर लता दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही तर सगळ्यांना मॅन्युअलच घ्या म्हणता," ती म्हणाली. मी म्हटलं, जमाना बदललाय. त्या रात्री मला झोप छान लागली.

मग मी वाट बघायला लागलो. वणीच्या गडावर त्याला पहिलं भाडं मिळालं, तेव्हा दुपारी मीच फोन केला. "चढली का रे?"

"चढली ना भाऊ. लय गार चढली."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं आणि खरी लग्नं सुरू झाली. गाडी बसली नाही. नंतर कळलं की गाडी घेतल्या घेतल्या त्याने मिस्तरीला विचारून तेल गार ठेवणारी जाळी मोठी करून घेतली होती. घाटात तो गाडी खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवायचा, घाई करायचा नाही, आणि जनरेटर झेपेल तेवढाच ओढायचा. गाडी चांगली होतीच. पण तिला जपणारा माणूस मीच तिच्याकडे पाठवला होता.

एका लॉन्सवर आम्ही दोघं एकाच दिवशी होतो, पुढच्या हॉलला मी आणि मागच्या हॉलला तो. मागचा बोळ चढाचा. मी हाफ क्लचवर ट्रॉली मागे ढकलत होतो, डावा गुडघा ठणकत होता, आणि क्लच प्लेटचा जळका वास थेट नवरदेवाच्या पंगतीपर्यंत गेला. एका बाईने नाकाला पदर लावला. मग गोटीराम आला. त्याने नुसता ब्रेकवरचा पाय सैल केला, तशी गाडी आपली आपण सरकायला लागली. डावा पाय मांडीखाली घेऊन, आरामात, चहाच्या टपरीवर बसल्यासारखा. एकदाही न थांबता ट्रॉली आत. आचारी म्हणाला, "वा, काय गाडी आहे!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ती गाडी हवी होती. इतकी हवी होती की त्या दिवशी पंगतीतली जिलेबीसुद्धा मला गोड लागली नाही.

आणि त्यात ह्या माणसाची कृतज्ञता! जिथे जाईल तिथे सांगायचा, "ही गाडी भाऊंनी निवडून दिलीय." ट्रॉलीवाल्यांत माझं नाव झालं. लोक मला सल्ला विचारायला यायला लागले. मी हो-हो करायचो आणि आतून जळायचो. शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, म्हणून आमच्या गाड्या उभ्या. आणि अधिक महिना म्हणजे जावयांचा. सासरी धोंड्याचं जेवण. पुंजाबाबांनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं. माझ्या पिकअपची क्लच प्लेट वर्षात तिसऱ्यांदा गेली होती, त्यामुळे मी आणि लता गोटीरामच्याच गाडीत बसून नांदगावकडे गेलो. मेहुणी आधीच माहेरी गेलेली, त्यामुळे थंडगार एसी, मागे पाय ताणून बसलेली लता, पुढे मी. लासलगावपर्यंत मी त्या गाडीत काही खोट सापडते का, तेच शोधत होतो.

सासूबाईंनी, साळूबाईंनी, आमचे पाय धुतले, कपडे दिले, तेहतीस-तेहतीस अनारशांची ताटं समोर ठेवली. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मी थोरला जावई, मान माझा पहिला. तेवढा एक दिवस तरी माझा असावा की नाही? तर पुंजाबाबा जमलेल्या भावकीला सांगायला लागले, "आमचा धाकला गाडीवाला झाला, तो ह्या थोरल्यामुळं. अशी अक्कल सांगणारा साडू कोणाला मिळतो?" गोटीराम मान हलवत होता, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले होते. धोंडा माझ्या घशात अडकला. लताने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

येताना गाडीत गोटीराम म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी आता थकली. निज ज्येष्ठात मुहूर्तच मुहूर्त हायेत. उद्या चला, बघून ठेवू. महिना संपला की आणू."

उभ्या गाडीवर निज ज्येष्ठातली लग्नं गेली असती आणि उरलीसुरली गिऱ्हाइकंही. घ्यायला तर हवीच होती. ऑटोमॅटिक घेतली तर साडूच्या मागून आलेला साडू. मॅन्युअल घेतली तर हा गुडघा आणि तो जळका वास. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांच्या यार्डात दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक अशी, एक तशी. योगेश नावाचा तिथला पोरगेलासा सेल्समन कागद घेऊन तयार.

मी ऑटोमॅटिकमध्ये बसलो, गोटीराम शेजारी. गाडी लोण्यासारखी निघाली. वाटलं, हीच. वळणावर वेग कमी करताना माझा डावा पाय अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. होता तो रुंद ब्रेक, आणि त्यावर मी सगळ्या ताकदीने पाय हाणला. गाडी जागच्या जागी थांबली आणि गोटीरामचं कपाळ धाडकन पुढे आदळलं. चांगलं टेंगूळ आलं.

तो हसायलाच लागला. "मला बी आठ दिवस असंच झालं भाऊ. पाय मांडीखाली घेतला, सुटली सवय. तुमालाबी जमंल."

यार्डात परत आलो. योगेशने पाणी दिलं, आणि गोटीराम टेंगळावर थंड बाटली धरून त्याला सांगायला लागला, "ह्यांना गाडी काय दाखवतो तू? ह्यांनीच मला माझी निवडून दिली. माझं सगळं ह्यांच्यामुळं हाय."

माझं डोकं फिरलं. ते टेंगूळ, ती बाटली, ते हसू. "गप!" मी ओरडलो. "चांगली म्हणून नव्हती सांगितली मी. गिअरबॉक्स बसेल, तुझा सीझन बुडेल, म्हणून सांगितली होती. दोन वर्षं वाट बघतोय मी. आता पुरे कर तुझं भाऊ-भाऊ."

योगेश कागदात बघायला लागला. गोटीरामने बाटली खाली ठेवली. हसू गेलं, पण राग काही दिसेना. तो त्या दोन गाड्यांकडे बघत राहिला, मग एकेकीच्या खाली वाकून बघून आला, हात झटकले आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"मग भाऊ," तो म्हणाला, "आता तुमाला मी काय सांगू?"

मी त्या ऑटोमॅटिककडे बघितलं.

"मॅन्युअल घ्या," तो म्हणाला. "मागं ट्रॉली असताना आजच्यासारखा पाय ब्रेकवर पडला, तर ट्रॉली आडवी येईल. माणूस मरंल. तुमच्या पायाची सवय आता सुटायची नाय."

दहा मिनिटांपूर्वी हाच म्हणाला होता की आठ दिवसांत सुटते, तुम्हालाही जमेल. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खरंच काळजीने सांगतोय, की माझं मला परत देतोय? बघून बघून डोळे दुखले, पण त्या तोंडावर मला काही वाचता येईना. नाही म्हणालो असतो, तर तूही माझ्यासारखाच आहेस असं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं. मी योगेशला म्हटलं, "मॅन्युअल लिही."

महिना संपल्यावर गाडी आणली. पूजेला गोटीराम आला, नारळ त्यानेच फोडला, नेहमीसारखा. गाडी चांगली आहे. गुडघा मात्र रोज दुखतो, आणि दर वेळी क्लच दाबताना माझ्या मनात तोच प्रश्न येतो. लता म्हणते, जाऊन विचारा की त्याला, तो खरं सांगेल. सांगेलही. पण दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्या तोंडाकडे बघून माझ्यावर विश्वास ठेवला होता. तेवढं मला जमत नाही.