शेपटीला लागलेली वाकटी

सकाळचं धुकं पडद्यासारखं सावकाश वर गेलं आणि मागचा देखावा दिसू लागला. दिवेआगरसमोरचा संथ समुद्र, त्यावर एकच लहान होडी आणि होडीत दोघं. वल्ह्यावर तरणाताठा रघू. समोर त्याचा बाप धर्माजी, बोटावर गरीची, म्हणजे गळाची, दोरी तोलत बसलेला. साल एकोणीसशे छप्पन, दिवाळी नुकतीच सरलेली.

दोन वर्षं धर्माजीला सगळं धूसर दिसत होतं. माणसं तो आवाजावरून ओळखे. ही गोष्ट त्याने बायकोपासून, सोनूबाईपासूनही लपवली होती. रघूने मात्र ताडलं. काल त्याने तोंडावर विचारलं तेव्हा म्हातारा उसळला. शेवटी ठरलं, की आज बापाने एकट्याने गरी चालवायची. जमलं तर होडी बापाची, नाहीतर त्याने घरी बसून जाळी विणायची.

आणि जमत होतं की! वाकटी हा मासा म्हणजे चांदीची लांबलचक फीतच. पाण्यात तोंड वर करून उभी राहते, खालून भक्ष्यावर जाते. आधी आमिष चाचपते, मग ओढते. ती चाचपणी धर्माजीच्या बोटाला बरोबर कळे. चार वाकट्या होडीत आल्या.

"बगतोस ना रं, डोळस मानसा?" त्याने लेकाला टोमणा मारला.

पाचवी जड लागली. वाकटीचे दात सुयांसारखे, म्हणून हल्ली तो तोंडाच्या वाटेला न जाता शेपटी चाचपून धरी. ना खवले ना पर, दोऱ्यासारखी निमुळती शेपटी. तिची कसली भीती? पण वाकटीला वाकटीही वर्ज्य नाही. ओढून घेतलेल्या वाकटीच्या शेपटीला दुसरी तोंडाने लटकली होती. कुठलाही कोळी आधी तेच बघतो. धर्माजीची बोटं थेट तिच्या जबड्यात गेली.

रघूने जबडा फाकवून बोटं सोडवली, डोक्याचं फडकं फाडून बांधलं आणि होडी वळवली.

किनाऱ्यावर सोनूबाईने रक्त पाहून विचारलं, तेव्हा रघूच पुढे झाला. चूक आपली, आपणच घाईत मासा बापाच्या हातावर ढकलला, असं त्याने आईला सांगितलं.

धर्माजी घोटाभर पाण्यात उभा होता. चांगला हात होडीच्या काठावर. क्षणभर त्याने तो काठ घट्ट धरला, मग सोडला.

"पोरगा खोटं बोलतंय, सोनू. ती दुसरी वाकटी मला दिसलीच न्हाय. तुजं तोंड बी दिसत न्हाय. होडी आता त्याची. मला घरापतूर हाताला धरून ने."