चेरीच्या झाडाखालचं खोटं

आईशी खोटं बोलायला मला फारशी अक्कल लागली नाही. एक चेरीचं झाड पुरलं.

मी चार वर्षांचा असताना इथे, परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये, आईला मुलगा झाला, तो मेलेलाच. नर्सने त्याला टॉवेलात गुंडाळून नेलं, बाबांनी कुठल्याशा कागदावर सही केली. कुठे पुरला हे कोणी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. बाबा गेले त्या वर्षी आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तो कुठे आहे रे?"

"शोधतो," म्हणालो. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. जुनी दफनाची रजिस्टरं जिल्ह्याच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये ठेवलीयत, तिथे जाऊन बघा, असं कळलं. ते ऑफिस शनिवार-रविवार बंद, आणि मला रजा टाकायचा कंटाळा. मग एका रविवारी आईला सिमेटरीत नेलं, त्यातल्या त्यात देखणं झाड निवडलं आणि म्हणालो, "इथे." आई तिथल्या तिथे खाली बसली. पुढे बारा वर्षं दर वसुबारसेला तिने त्या झाडाखाली शेवंती ठेवली. शेजारी मी, हात जोडून, चेहरा पाडून. नाटकात असतो तर नाव काढलं असतं.

यंदा तिला कॅन्सर निघाला. हॉस्पिटलच्या बेडवरून म्हणाली, "माझी राख त्या झाडाखाली टाक हं. त्याच्याजवळ."

आता मात्र रजा टाकली.

रेकॉर्ड ऑफिसात मी ऐटीत पेन काढलं. काउंटरवरच्या वयस्क बाईंनी, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसं ते काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. जुन्या कागदांजवळ शाई चालत नाही म्हणे.

"बाळाचं नाव?"

"नाही ठेवलं. बारशाआधीच..."

"मग तारीख?"

आईला तारीख आठवत नव्हती. वसुबारस होती, गाय-वासराची पूजा करतात तो दिवस, एवढंच ती सांगायची. मी फोनवर वसुबारस शोधून तारीख दिली. बाईंनी रजिस्टर आणून स्पंजच्या उशीवर अलगद उघडलं. तासभर पानं उलटली. काही नाही.

"हा तुमचा सण," बाई म्हणाल्या, "ईस्टरसारखा दरवर्षी पुढेमागे होतो का हो?"

मी साल तेव्हाचं आणि तारीख यंदाच्या वसुबारसेची दिली होती.

बरोबर तारीख काढल्यावर दहा मिनिटांत आईचं नाव समोर आलं. 'यांचा मुलगा, मृत जन्मलेला.' पुढे प्लॉटचा नंबर. त्याच नंबरवर आणखी आठ बाळं. बाईंनी सिमेटरीचा नकाशा उलगडला. जागा मागच्या भिंतीपाशी होती, माझ्या झाडापासून पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी न मागता कॉपी काढून दिली.

आईला सगळं सांगितलं.

"मग त्या झाडाखाली कोण आहे?"

"माहीत नाही."

"बारा वर्षं मी कुणाला फुलं वाहिली रे?"

काहीतरी विनोद करायला मी तोंड उघडलं. तिने भिंतीकडे कूस बदलली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नर्सशी बोलायची, मोडक्या इंग्लिशमध्ये, माझ्यादेखत.

तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवर बसवून, मांडीवर शेवंती देऊन तिला सिमेटरीत नेलं. भिंतीपाशी नुसतं गवत, एक पाण्याचा नळ आणि कचऱ्याचा डबा. "इथे," मी म्हणालो. तोच शब्द, तोच आवाज. माझं मलाच ऐकवेना.

आईने माझ्या हातातली कॉपी घेतली. पलीकडे एक माणूस गवत कापत होता, त्याला हात करून बोलावलं आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"माय बेबी. हिअर?"

त्याने मशीन बंद केलं. नंबर वाचला, भिंतीवरच्या लोखंडी पट्टीवरचा आकडा पाहिला, मग पुन्हा कागद पाहिला. "येस, लव्ह. राइट हिअर."

तिला वाकता येत नव्हतं. शेवंतीसाठी मी हात पुढे केला. तिने फुलं त्या माणसाकडे दिली.