बास गिटारच्या दांडीवरचं पडद्याचं चॅनल

दुसऱ्यानं केलेलं ओबडधोबड काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. अंबडच्या एका कारखान्यात मी फिटर होतो, त्यामुळे या खोडीला हुशारीचं नाव मिळालं होतं. सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो, तीही उसनी. स्वतःची घ्यायची तर जुनीच परवडणार, आणि नाशकात जुनी बास म्हणजे आधीच्या मालकानं ठोकाठोक केलेली. एकीला मी रेडिओचं बटण पाहिलं होतं, एकीला चक्क दाराची कडी.

माझ्या नशिबी आलेली मात्र या सगळ्यांच्या वरताण होती. मखमलाबादकडच्या एका झेंडूवाल्या शेतकऱ्याचा पुतण्या ती पोत्यात गुंडाळून मोपेडवरून घेऊन आला. काका पूर्वी लग्नांत, गणपतीत वाजवायचे. पुढे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानंच बासचं काम भागायला लागलं आणि काकांना बोलावणं येईनासं झालं. विक, पण वाजवणाऱ्यालाच दे, असं त्यांनी बजावलं होतं म्हणे.

तारांखाली भांडी घासायचा स्पंज कोंबलेला. आवाजाच्या बटणाच्या जागी टूथपेस्टचं झाकण. आणि दांडीच्या मागच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पडद्याचं ॲल्युमिनियमचं चॅनल स्क्रूनं ठोकलेलं. त्यात मागेपुढे सरकणारा एकच रनर आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा एक फास बांधलेला. हे काय, म्हणून मी विचारलं. काकांचंच कायतरी, असं म्हणून पुतण्यानं खांदे उडवले. मी हसलो. आणखी एक प्रश्न विचारायला माझं काय जात होतं, हे मला आजही कळत नाही.

निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घरात रीत होती, की विकलेल्या हत्याराला पहिल्या दसऱ्याला जुन्या मालकानंच फुलं वाहायची. काका येतील, चालेल ना? मी हो म्हणालो आणि विसरून गेलो.

पुढचे पंधरा दिवस मी त्या गिटारमागे हात धुऊन लागलो. स्पंज काढला, नवीन बटण बसवलं, चॅनल उपटलं. स्क्रूची भोकं पुट्टी भरून घासली, वर पॉलिश मारलं. भोकं कुठं होती हे मलाही सापडेना, तेव्हा माझी छाती फुगली. ऑर्केस्ट्रातले मित्र विचारायचे, पडद्याआडची नवरी कशी आहे? मीही टाळी देऊन हसायचो. ट्यूबचा फास कचऱ्यात गेला. चॅनल मात्र आईनं ठेवून घेतलं.

दसऱ्याला इंदिरानगरच्या आमच्या घरी देवघरासमोर माझे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, ड्रिल मशीन असं सगळं हळदीकुंकू लावून मांडलं होतं. शेजारी भिंतीला गिटार टेकवलेली. दहाच्या सुमाराला काका आले. पांढरा सदरा, टोपी, हातात झेंडूची माळ आणि आपट्याची पानं. सोनं देताना त्यांचा डावा हात पुढे आला. त्याला अंगठा नव्हता.

कडबाकुट्टीत गेला, फार वर्षं झाली, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. सवय असावी.

त्यांनी गिटारला माळ घातली, नमस्कार केला. मग ती उलटी करून दांडीच्या पाठीवरून चार बोटं फिरवली, वरपासून खालपर्यंत. "गुळगुळीत केली दादा," ते म्हणाले. "लय सफाईचं काम हाय." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

वाद्याची पूजा वाजवल्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून ते मांडी घालून बसले. डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. पण मागून अंगठ्याचा आधार नाही, तर दाबणार कशी? तळवा दांडीवरून घसरायचा, तार नुसती खरखरायची. ट्यूबच्या फासात पंजा अडकवला की तो दांडीला धरून राहत असणार आणि चॅनलवरून पुढेमागे सरकत असणार, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत गेलं. या माणसानं पडद्याच्या सामानातून स्वतःला अंगठा करून घेतला होता. आणि मी तो पॉलिश मारून बुजवला होता.

तिसऱ्या वेळी हात घसरल्यावर त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या. चारही, एकेकदा. मग गिटार जागेवर टेकवली.

मी स्क्रू-ड्रायव्हरकडे हात नेला. त्यांनी मान हलवली. आज हत्याराला हात लावायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं.

"काका, उद्या बसवतो सगळं परत," मी म्हणालो. "घेऊनच जा तुम्ही."

"नको," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्या मागे देवघरावर होती. "देवाला लागलंय ते. आता काढू नका."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाहुणा देवघराकडे बघतोय म्हणून तिनं कौतुकानं देवांपुढचा छोटा पडदा चॅनलवरून सरकवून दाखवला, इकडून तिकडे, परत इकडे. "कसल्या तरी जुन्या सामानातून काढलंय यानं," ती म्हणाली. "पण बघा भाऊ, किती हलकं चालतं."

मला तिला थांबवता आलं नाही. काकांनी चहाची कपबशी उजव्या हातात घेतली.

"चालंल ना," ते म्हणाले. "मशीनचं तेल सोडायचो मी त्याला. दर अमावस्येला."