फॉर्मवर ‘आबाद’ लिहिलेली रिकामी जागा

सुरुवातीलाच सांगतो, या सदरात येणारे निम्मे अनुभव मला थापा वाटतात. चिंचेवरची बाई, वाटेत हात दाखवणारा म्हातारा... मी असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं काढलेला माणूस आहे. स्वतः लिहायचो, स्वतः स्टेन्सिल कापायचो आणि वांकिडीच्या बाजारात उभं राहून वाटायचो. माझं मत आजही तेच आहे. म्हणून हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. पण जे झालं ते झालं.

आमचं गाव आंध्र प्रदेशातलं, वांकिडी मंडल, जिल्हा आदिलाबाद. साल ९४, होळी होऊन आठवडा झालेला. वेळ सकाळी अकराची — अंधार नाही, अमावस्या नाही, डोक्यावर चांगलं ऊन.

आमच्या वस्तीत बारा खोल्यांची मातीची जुनी रांग आहे. आम्ही तिला ‘लाईन’ म्हणतो. भिंतींना तडे गेले होते. घरांची योजना आली तेव्हा ठरलं असं, की लाईन पाडायची आणि सगळ्यांना नाल्यापलीकडच्या माळावर न्यायचं. मी भडकलो. आमच्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवलं, आता सरकारी खर्चाने आणखी बाहेर ढकलणार? ‘वस्तीत जागा असताना नाला कशाला ओलांडू?’ हे माझं पत्रक घरोघर गेलं. मागणी सरळ होती — लाईन दुरुस्त करा, आणि ज्या खोल्या दुरुस्त होत नाहीत त्यांतल्या लोकांना वस्तीतल्याच मधल्या मोकळ्या जागांवर घर द्या. सहा महिने ऑफिसात खेटे घातल्यावर हे मान्य झालं.

शेवटी प्रश्न उरला एका खोलीचा. शांताबाईच्या. नवरा वारलेला, मुलगी सुमन दहावीत. मागची भिंत पोट काढून उभी होती, मायलेकी दाराच्या चौकटीत निजायच्या. आणि मोकळी जागाही एकच उरली होती, दोन घरांच्या मधली. त्या जागेला हरकत घेतली संपतमामांनी.

संपतमामा गवंडी. चुन्याच्या कामात त्यांच्यासारखा हात आसपास नव्हता. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्या जागेवर त्यांचं घर होतं. ते राजुऱ्याला कामावर असताना पावसात भिंत पडली आणि त्यांची बायको गंगू तिच्याखाली गेली. तेव्हापासून मामा भावाकडे राहतात. आमच्याकडे कुणाच्याही घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून आवाज देतात — “हाय का घरात?” आतल्या बायामाणसांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. मामा त्या रिकाम्या जागेतून जाताना तसाच आवाज देत. थोडं थांबत. मग जात. सगळी वस्ती रोज पाहायची.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, “मामा, जागा सरकारी आहे.”

“म्या कुठं म्हनतो माही हाय म्हनून?”

“मग हरकत काऊन घेता?”

“तिथं गंगू हाय.”

मागून कोणीतरी ओरडलं, “मंग तिचं नाव बी घाला ना रेशन कार्डात!” हशा पिकला. शांताबाई तेवढी हसली नाही. उभी राहून म्हणाली, “मामा, तुमीच सांगा, नाल्यापल्याड मी एकली जाऊ का? तरनी पोरगी घेऊन?”

मामा जमिनीकडे पाहत म्हणाले, “तुहं बी बरोबर हाय, बाई.” पण हरकत काही मागे घेतली नाही.

मी काय केलं? दुसरं पत्रक काढलं. त्यात एक ओळ होती — ‘मेलेल्यांना आवाज देणाऱ्यांनी जित्यांचाही ऐकावा.’ मला ती फार आवडली होती.

त्यानंतर मंडल ऑफिसातून सर्वेअर आले. तेलुगू माणूस, जिल्ह्यात नवीन, मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्याशी ते हिंदीत बोलायचे. सकाळपासून आम्ही चुन्याची फक्की टाकून जागा आखत होतो, दोघांचेही पाय घोट्यापर्यंत पांढरे. वस्ती सगळी लाईनीजवळ जमली होती. या शेवटच्या जागेवर आम्ही दोघंच आलो. तिथे होतं काय? चार दगड, तरवडाची थोडी झुडपं आणि उंबऱ्याचा एक धोंडा.

“ये खाली है ना?” त्यांनी विचारलं.

मला मस्ती सुचली. म्हटलं, “साब, यहाँ आवाज देके जाना पडता.” आणि मामांची नक्कल करत, त्यांच्यासारखीच मान वाकवून मी हाक दिली — “हाय का घरात?”

“हाव, या ना. पयले पाय धुवा. चुना नोका आनू आत.”

बाईचा आवाज. घाई नाही, राग नाही. कामात असलेली बाई हातातलं काम न सोडता बोलते ना, तसा. माझ्यापासून चार हातांवर, उंबऱ्याच्या आतल्या बाजूने.

मला वाटलं भास आहे. तेवढ्यात सर्वेअर खाली वाकून बूट झटकायला लागले. म्हणाले, “अरे भाई, तुम खाली है बोले. अंदर लेडीज है ना? चुना बोले वो समझा, पहले क्या बोले?”

मला मराठी येतं, एक वेळ माझ्या डोक्यानं घडवलं असेल. त्यांना तर येतच नव्हतं! मी दोन्ही बाजूच्या घरांशी जाऊन पाहिलं. बाहेरून कड्या. मागे नाला, कोरडा. रेडिओ नाही, माणूस नाही. परत येईपर्यंत सर्वेअरने फॉर्मच्या रकान्यात शब्द लिहून टाकला होता. जुना निजामाच्या वेळचा महसुली शब्द — ‘आबाद’. म्हणजे इथे माणूस राहतो. म्हणजे शांताबाईला ही जागा नाही.

आठ दिवसांनी ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, दुरुस्ती होते, दोन कागद लागतील. जागेवर कोणी नाही, कोणी बोललं नाही, असा माझा जबाब. आणि हरकत मागे घेतल्याची संपतमामांची सही. सर्वेअर शेजारच्याच टेबलावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फाइलीत मान घातली. मी सही केली.

मग मामांकडे गेलो. ते एका ओट्याला गिलावा करत होते. हातातली थापी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “सायबानं आबाद काऊन लिवलं गा?”

“चुकून.”

“तुही हाक लाईनीपर्यंत आल्ती. लोक म्हनतात तू माही नक्कल केली तिथं.”

मी खिशातला कागद काढला.

“केली त केली. म्या रागावलो नाही.” ते आपल्या पायांकडे पाहत होते. “म्या कामावरून आलो का गंगू पयले पाय धुवाले लावे. चुन्याचे पाय चालतच नव्हते तिले. इतकी वर्सं आवाज देऊन राह्यलो, एक डाव बी बोलली नाही. मले वाटते रागात असंन. म्या घरी नव्हतो ना तवा.” मग मान वर केली. “अशोक, तू कोनाले भीत नाही, खोटं बोलत नाही. तू आवाज देल्ला तवा काही आलं का आतून?”

शांताबाईची भिंत माझ्या डोळ्यांपुढे होती. पावसाला दोनच महिने उरले होते.

“नाही मामा. काहीच नाही.”

त्यांनी थापी उचलून तिच्यावरचा गिलावा खरवडला. मग म्हणाले, “आन कागद.” आणि अंगठा दिला.

पावसाआधी घर उभं राहिलं. भिंती मामांनीच बांधल्या, कोणाला हात लावू दिला नाही. शांताबाई आणि सुमन तिथे राहायला लागून चार वर्षं झाली. त्यांना कधी काही त्रास नाही. मामा आता तिथे थांबत नाहीत, आवाज देत नाहीत. भेटले की चार माणसांत माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतात, “या पोट्ट्यानं मले सोडवलं. उगाच उभा राहत होतो इतकी वर्सं.” आणि मी तो हात पाठीवर राहू देतो.

तो आवाज काय होता, मला माहीत नाही. सर्वेअरची बदली झाली. ते भेटले असते तरी त्यांना काय विचारलं असतं, तेही कळत नाही. पुस्तकं चाळली, मोठ्या कार्यकर्त्यांना विचारलं. सगळे म्हणाले, भास. दोघांना एकाच वेळी, आणि एकाला न येणाऱ्या भाषेत?

मामांना वाचता येत नाही. हे मासिक सुमन घेते आणि रविवारी ओट्यावर बसून मामांना वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तोंडावर सांगायला चार वर्षांत चारदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. म्हणून इथे लिहिलं.

सुमन, भिऊ नको. घर तुमचंच आहे, जागेचा पट्टा तुझ्या आईच्या नावावर आहे. मामांना हे सावकाश वाचून दाखव. मला शिव्या दिल्या तर देऊ दे. पण ती रागात नव्हती, एवढं त्यांना दोनदा वाचून दाखव.