आत गर्दी आहे

ही गोष्ट मी एकोणीस वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या एका शाळेचा हॉल. आमच्या मंडळाचा गणपती. मिरवणूक नुकतीच संपलेली. सेक्रेटरी जवळ आला, हळूच म्हणाला, "काका, तुमच्या त्या मित्राचं ताट बाहेरच द्या ना. आत फॅमिलीज आहेत, यार."

मित्र म्हणजे क्लाइव्ह. जमैकाचा, काळा, माझ्या ऑफिसातला. आमच्या पोरांना ढोलाचा ठेका जमेना, तेव्हा सहा शनिवार माझ्या गराजमध्ये त्यानेच तो बसवून घेतला होता.

लंचला तो मला जमैकाचं रेगे संगीत ऐकवायचा. सांगायचा, हे गुलामांच्या नातवंडांचं संगीत. किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांतलं. बड्यांच्या हॉलमध्ये शिरकाव नव्हता, म्हणून लोकांनी रस्त्यावर भोंगे रचले. रस्त्याचाच हॉल केला. रास्ता नावाच्या तिथल्या पंथाचे ढोल त्यात आले. सभ्य माणसं त्या ढोलांना नाकं मुरडायची, पोलीस वाजवणाऱ्यांना झोडपायचे.

ते ऐकताना मला बोलायचं होतं. आम्ही मांग. माझ्या बापाच्या हलगीशिवाय गावात लग्न लागत नसे. आणि बाप जेवायचा मांडवाबाहेर, उकिरड्याशेजारी. पण मी बोललो नाही. आडनाव बदलून अमेरिकेत आलो होतो. मंडळात कळलं असतं तर?

म्हणून सेक्रेटरीचं ऐकलं. ताट घेतलं. वर दोन जिलब्या वाढून घेतल्या. क्लाइव्हला पार्किंगमध्ये नेलं.

"इथे का?" त्याने विचारलं.

"आत गर्दी आहे."

हॉलच्या काचेतून रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. त्याने ताट गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. शांतपणे म्हणाला, "माझी आजी मालकाच्या मागच्या दाराशी जेवायची. आतली गर्दी मला माहीत आहे."

गावचा पाटील बापाशी बोलायचा, अगदी त्याच स्वरात मी बोललो होतो. क्लाइव्ह पुन्हा लंचला माझ्या टेबलाशी बसला नाही. मीही गेलो नाही.

यंदा मंडळाने ज्येष्ठ म्हणून मला शाल द्यायचं ठरवलं. मी माइकवर खरं आडनाव सांगितलं. बापाची हलगी सांगितली. ते ताट सांगितलं. शाल घडी करून परत दिली. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "काका, आर यू ओके?"

नाही, म्हटलं. यापुढे वाजवणारा जिथे जेवेल, तिथेच मी जेवणार. तो बाहेर, तर मी बाहेर. आणि का, ते दरवर्षी ओरडून सांगणार.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हच्या घरी गेलो. त्याच्या मुलीने दार उघडलं. बाबा मार्चमध्ये गेले, म्हणाली. आत या, म्हणाली.

मी पायरीवरच उभा राहिलो. वाक्य वाटेत पाठ केलं होतं. क्लाइव्ह, आत गर्दी नव्हती. मी भ्यालो होतो.