किसनसिंगनं स्वच्छ केलेलं पान

दिग्रसात किसनसिंग राठोडसमोर लोक जपून बोलतात. म्हातारा मधे तोंड घालत नाही, नुसता ऐकतो, आणि महिन्याभरानं तुमचंच वाक्य जसंच्या तसं तुमच्या पदरात टाकतो. फौजेत चोवीस वर्षं त्यानं हेच तर केलं. कोर्ट मार्शलमधे साक्षीदार बोलायचा अन् किसनसिंग लिहायचा, खोकला आला तर तोही लिहायचा.

शपथ घेऊन खोटं बोलणारे त्यानं इतके पाहिले की कोणावर भरवसाच उरला नाही. दूधवाला म्हणाला म्हैस आटली, तरी हा विचारणार, "कोनत्या तारखेले?"

म्हणून दारव्ह्याचा श्रावण दारात आला तेव्हा किसनसिंगनं आधी त्याच्या खिशाकडे पाहिलं. श्रावण त्याच्याच पलटणीतला शिपाई. अकरा वर्षांमागं पहाऱ्यावरून गायब होता म्हणून कोर्ट मार्शल झालं आणि नोकरी गेली.

"मोबाईल चालू हाय काय?"

"लिहून घेनारे तुम्ही, उस्ताद. मी कायले रेकॉर्ड करू?"

"ओट्यावर ठेव."

आतून त्याची बायको तानाबाई म्हणाली, "पाहुना हाय का चोर, थे ठरवा एकदाचं. त्या परमानं चहा मांडतो."

श्रावणनं झेरॉक्सचा गठ्ठा उघडून एक पान पुढं केलं. "साक्षीत सुभेदार पहिले म्हनाला होता, श्रावण गेटवर उभा होता. माह्या कानानं आयकलं मी. मंग पलटला. पन कागदावर पलटल्याचं काहीच नाही, नुसतं 'गेटवर कोणी नव्हतं' एवढंच हाय. वकील म्हनते तुले भास झाला. बायको तोंडानं माह्यं खरं म्हनते, पन भरवसा नाही थे तिच्या डोळ्यात दिसते ना मले. परवा अपिलाची तारीख हाय, उस्ताद. शेवटची."

पान किसनसिंगनंच टाइप केलेलं होतं. 'आठवत नाही' म्हटलं असतं तर सुटला असता. पण हे वाक्य त्यानं हजार वेळा लिहिलं होतं, आणि हजार वेळा त्याला कळलं होतं की समोरच्याला सगळं आठवतंय.

कायदा साधा होता. साक्ष झाली की साक्षीदाराला वाचून दाखवायची. तो बदलला तर पहिलं वाक्य खोडायचं नाही, तसंच ठेवायचं, खाली दुरुस्ती लिहायची, बाजूला सही. त्या दिवशीही तसंच झालं होतं. पण पान गिचमिड दिसत होतं, आणि आदल्याच दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, राठोडचं पान म्हणजे आरसा. किसनसिंगनं संध्याकाळी पहिलं वाक्य उडवून पान नवं छापलं. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. वरच्या साहेबानं तोच कागद वाचून शिक्षा कायम केली.

"तू बरोबर आयकलं होतं," किसनसिंग म्हणाला. "थे वाक्य मी काढलं."

श्रावणनं पान स्वतःकडे ओढलं. मग अगदी हळू, "कोनं सांगतलं होतं?"

"कोनीच नाही. पान घान दिसत होतं."

"सुभेदार तुमच्या ओळखीचा होता."

"नाही."

"पानासाठी कोनी मानसाची नोकरी घालवते काय?"

 किसनसिंगनं कोरा कागद ओढला आणि झालं तेवढं लिहायला बसला. तानाबाई दारात येऊन उभी राहिली. "सही करू नका. उद्या तुमच्यावरच केस टाकतीन."

"टाकू दे."

श्रावणनं तो कागद तीनदा वाचला. नंतर उजेडाकडे धरला, जणू मागून एखादं नाव उमटेल. "तुम्ही कोनाले तरी वाचवून राह्यले," तो म्हणाला. चहाला हातही न लावता निघाला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"नुसता कागद नाही चालत. उद्या तुम्ही म्हनसान, श्रावणनं धमकावून लिहून घेतला. तारखेले सोबत चाला, कोर्टात साहेबापुढं तोंडानं सांगा."

"येतो."

"परवा सकाळी गाडी सातची हाय. मी पाचलेच इथं येऊन बसतो. तुमचा भरवसा नाही मले."

"बस," किसनसिंग म्हणाला.