पत्रिकेत वर कोणाचं नाव?

माझ्याइतकी वेंधळी बाई अख्ख्या वसईत नसेल! छापखान्यात कामाला लागले आणि पहिलीच लग्नपत्रिका लिहिली. 'श्रीकृपेकरून' काय, 'सहकुटुंब सहपरिवार' काय, 'आग्रहाचे निमंत्रण' काय! सगळं घातलं. फक्त लग्न कुठे आहे, तेवढं लिहायचं राहिलं.

मुलीचे वडील राजोडीचे. लग्न उरकल्यावर हातात लाडवांचा डबा घेऊन आले. मी खुर्चीतच आक्रसले.

"बाई, निम्मी माणसं पोचलीच नाहीत," ते म्हणाले. "ज्यांना खरंच यायचं होतं, ती विचारत विचारत आली. धाकटीच्या वेळीही असंच लिहा!"

पंधरा वर्षं झाली याला. बाजारातल्या दोन खोल्या, पायानं मारायचं एक ट्रेडल मशीन, मालक इनास मास्तर, अक्षरांचे खिळे जुळवणारा केशव आणि मजकूर लिहिणारी मी. लग्नसराई आली की किस्से कसे साठतात ते कळतही नाही, कागदाच्या कातरणासारखे कोपऱ्यात ढीग!

यंदा मात्र किस्सा आमच्याच घरात घडला. माझ्या सुमनचं लग्न ठरलं आणि तिच्या दोन्ही काकांनी वेगवेगळा निरोप धाडला, "पत्रिकेत माझं नाव वर नसेल, तर मी मांडवात पाय ठेवणार नाही." सुमन रडायलाच लागली. अंतरपाट धरायला एका बाजूला एक काका, दुसऱ्या बाजूला दुसरे, हे तिनं फ्रॉक घालायची तेव्हापासून ठरवलेलं!

मी म्हटलं, "रडू नकोस. तुझ्या आईनं याहून भारी गिऱ्हाइकं सांभाळलीत."

* * *

आता हेच बघा. अर्नाळ्याचे एक कोळी बाबा नातवाची पत्रिका छापायला आले. मी विचारलं, "वेळ काय लिहू?"

"होड्या लागल्यावर."

"बाबा, असं नाही चालत. घड्याळातली वेळ लागते."

"टायम तू लिव गो बाय. पन वाऱ्याला कोन सांगनार?"

मास्तर म्हणाले, "लिहा ते म्हणतात तसं." छापलं : 'सकाळी, होड्या किनाऱ्याला लागल्यावर.' सगळं गाव बरोब्बर वेळेवर हजर! एकटे भटजी तेवढे दोन तास आधी येऊन बसले. त्यांच्याकडे घड्याळ होतं ना!

* * *

मग ते केळीच्या वाडीवाले आजोबा. नातीचं लग्न चर्चमध्ये, पत्रिका मराठीत. नावांची यादी मी त्यांना वाचून दाखवली. वर त्यांचे दोन भाऊ, 'ख्रिस्तवासी' लावून. खाली आजोबा.

आजोबा तडकले. "हे दोघं माझ्याहून धाकटे! मेले म्हणून वर गेले काय? मग मलापण ख्रिस्तवासी लिही."

"अहो, तुम्ही तर समोर बसलात!"

"बसलो तर बसलो. लग्नातही पहिल्या बाकावर बसनार हाय."

शेवटी मास्तरांनी तोड काढली. आजोबांचं नाव एकट्याचं, सगळ्यांच्या वर, चौकटीत! केशवनं चौकट शोधली. आमच्याकडे एकच होती, जाड काळी. ती आम्ही दुसऱ्याच कामाला वापरायचो.

आजोबा भलतेच खूश. गावात मात्र पुढचे दोन दिवस माणसं तोंड पाडून त्यांच्या घरी भेटायला येत होती. दार उघडायला आजोबा स्वतः! "या, बसा. चाय घेनार?"

* * *

'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!' ही ओळ पत्रिकेत लागतेच, खाली घरातल्या पोरांची नावं. एक बाई नावं सांगता सांगता थांबल्या. म्हणाल्या, "पिंकीच्या पुढे थोडी जागा सोडा. मोठीला आठवा लागलाय."

"पण नाव काय?"

"ते आलं की बघू. पण उद्या मोठं झाल्यावर विचारलं, माझं नाव का नाही, तर मी काय सांगू?"

सोडली जागा. छापली टिंबं. पाहुण्यांना वाटलं, आपल्याला विचारलंय! निम्म्या घरांतून पत्रिका नाव भरून परत आल्या. बाळ जन्मायच्या आधी त्याला बावीस नावं मिळाली होती!

* * *

तर आमची सुमन. एरवी नियम सोपा असतो, जो वयानं मोठा तो वर. पण माझे हे दोन दीर, हरीभाऊजी आणि दामूभाऊजी, आहेत जुळे! आधी कोण आलं ते फक्त सुईणीला ठाऊक, आणि ती जाऊन तीस वर्षं झाली. सासूबाईंना विचारलं की म्हणायच्या, "मला त्या वेळी बघायला फुरसत होती काय?"

जूचंद्रला दोघांची घरं समोरासमोर. तरी दोघं एकमेकांशी बोलतात ते आमच्या यांच्यामार्फत. यांनी तर हातच वर केले. "तू पत्रिकावाली, तूच निस्तर."

मला रात्रभर विचार करून सुचलं. नावं गोल छापायची, ताटाच्या काठासारखी! वर कोणी नाही, खाली कोणी नाही. मधे तारीख, वेळ, पत्ता. (हो, पत्ता आठवणीनं!)

केशवनं कपाळाला हात लावला. "बाई, शिशाचे खिळे आहेत हे, चकली नाही!" तरी बिचाऱ्यानं दोन दिवस खपून, कागदाच्या पाचरी मारमारून गोल जुळवला. मग विचारलं, "मधला मजकूर कसा ठेवू?"

"सरळ ठेव, आणखी कसा?" मी म्हटलं.

पत्रिका दोन्ही घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मी हरीभाऊजींच्या ओटीवर गेले. त्यांनी पत्रिका भिंतीला खिळ्यानं ठोकली होती. "वहिनी, झकास!" म्हणाले. "माझं नाव बरोब्बर वर!"

मी जवळ जाऊन बघितलं. मधली तारीख सरळ वाचायची, तर हरीभाऊजी खरंच वर होते. आणि दामूभाऊजी पार तळाला!

तशीच धावत समोर गेले. आता हे काय काय बोलणार, सुमनला मी काय सांगणार! दामूभाऊजी ओटीवर वाल सोलत बसले होते. मागे भिंतीवर पत्रिका. 'दामोदर' झोकात वर. मधला सगळा मजकूर डोकं खाली, पाय वर!

"अहो भाऊजी, उलटी लावलीत! तारीख वाचता तरी येते का?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तारीख पाठ आहे मला."